लिंबं फिरली, बाळं नाही

सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी एक टिनाचं शेड आहे. दर गुरुवारी सकाळी नऊ वाजायच्या आत तिथं पन्नास-साठ पोटं जमायची. बायका न म्हणता पोटं म्हणायचं कारण एवढंच, की उदरनाथ महाराजांना बायकांच्या तोंडाकडं बघायची सवय नव्हती. "कितवा महिना?" एवढंच ते विचारत. सहावा-सातवा असला की मागं, आठवा-नववा असला की पुढं. शेडच्या भिंतीवर गुटगुटीत बाळांच्या फोटोंचं मोठं फ्लेक्स होतं आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'टाक्यांविना सुटका'.

त्या गुरुवारी पुढच्या रांगेत तानाबाई सुनेला घेऊन बसली होती. सून पायल, चोवीस वर्षांची, पोटात जुळं. आठवा लागलेला. नवरा चंद्रशेखर चाकणला कारखान्यात, त्यामुळं सगळी सूत्रं सासूच्या हातात.

महाराजांसमोर लाकडी चौरंग होता. त्यावरचं भगवं कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होतं. चौरंगावर पितळी परात, परातीत हळदीचं पाणी, पाण्यात लिंबू. एका पोटाला एक लिंबू, जुळ्याला दोन. लिंबाच्या एका टोकाला कुंकवाचा ठिपका. ठिपका म्हणजे बाळाचं डोकं, आणि महाराज बसत ती बाजू म्हणजे जगात यायचं दार. सुरुवातीला ठिपका बाईकडं असायचा. महाराज डोळे मिटून पुटपुटायला लागले, की लिंबू थरथरायचं आणि कोणी हात न लावता हळूहळू अख्खं फिरून ठिपका दाराकडं यायचा. शेडमधल्या बायांपैकी कोणी हात जोडायचं, कोणी रडायचं.

"डॉक्टर काय करतो?" महाराज विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "कापतो. केळं टोकाकडून सोलतात की मधून चिरतात? निसर्गानं दार दिलं असताना भिंत कशाला पाडायची? अमेरिकेत याला ग्रॅव्हिटी म्हणतात. आपल्याकडं गर्भगती. ते यंत्रानं बघतात, आम्ही आतून बघतो."

ग्रॅव्हिटीचा आणि लिंबाचा संबंध काय, हे विचारणारं शेडमध्ये कोणी नव्हतं.

पायलचा नंबर आला. महाराजांचा शिष्य गोकुळ, चाळिशीचा गडी, त्यानं झाकलेल्या टोपलीतून दोन लिंबं काढून परातीत सोडली.

"एकच वार आहे?" महाराजांनी विचारलं.

"हाव," तानाबाई म्हणाली. "दोघाईले एकच वार हाय म्हणे. हुबेहूब जुळं. पयलं पायाळू हाय."

"एका ताटात जेवणारे दोन जीव. भांडण झालं आहे. एकानं पाठ फिरवली. समजूत काढावी लागेल." महाराजांनी डोळे मिटले. "पोरी, हात ठेव चौरंगावर."

पायलनं हात ठेवला. दोन्ही लिंबं थरथरली, एकमेकांना घासली, फिरली, आणि दोन्ही ठिपके महाराजांकडं तोंड करून थांबले. तानाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"झालं," महाराज म्हणाले. "आता तीन आठवडे सोनोग्राफीच्या यंत्राखाली जायचं नाही. त्याच्या लहरी लागल्या की बाळं बिथरतात आणि पुन्हा उलटी होतात. मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही."

तानाबाई बावळट होती असं कोणी समजू नये. साठ वर्षांची ही बाई घरात शहाणी म्हणूनच ओळखली जायची. नवरा पुंजाजी ग्रामपंचायतीत शिपाई होता, आता निवृत्त. दर रविवारी विहारात जाणारा. देवाला नवस नाही, अंगारा नाही, असं चाळीस वर्षांचं घर. पण तानाबाईच्या मनात एक भीती होती आणि तिला कोणी कधी हात घातला नव्हता. तिची धाकटी बहीण अन्नपूर्णा, तिचं सीझर झालं, टाके पिकले, ती तीन महिने अंथरुणाला खिळली. तिच्या जखमेचे कपडे तानाबाईनं धुतले होते. तो वास पंचवीस वर्षांत तिच्या नाकातून गेला नव्हता. स्वतःची तीन बाळंतपणं तिनं घरीच उरकली होती, तिसऱ्याच्या वेळी तर तुरीच्या शेतातून परत येऊन. त्यामुळं खामगावच्या डॉक्टर नीरजाबाईंनी ऑपरेशन म्हटलं, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त तो वास आला.

डॉक्टर नीरजाबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. कागदावर चित्र काढलं होतं.

"हे बघा आजी, जुळं आहे म्हणून सरसकट कापायचं असं काही नसतं. पहिल्या बाळाचं डोकं खाली असतं, तर मीच म्हटलं असतं की नॉर्मलची वाट बघू. दुसरं कसंही असलं तरी आपल्याला दवाखान्यात सांभाळता येतं. पण हिचं पहिलंच बाळ पाय खाली करून आहे. पाणी गेलं की पायांच्या बाजूनं नाळ खाली घसरू शकते. नाळ दबली की बाळाचा श्वास गेला. आणि दोघांचं रक्त एकाच वारेतून फिरतं, म्हणजे एकाला धोका झाला की दुसऱ्यालाही. दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी करू. बाळ फिरलं तर उत्तमच. नाही फिरलं तर छत्तिसाव्या आठवड्याच्या पुढं, कळा यायच्या आधी, तारीख ठरवून ऑपरेशन."

पायलनं सगळं ऐकलं होतं, मान हलवली होती. तानाबाईनं फक्त शेवटचा शब्द ऐकला होता.

त्या गुरुवारी शेडकडं निघताना तिनं पुंजाजीला सांगितलं, "तपासणीले चाललो." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिकडं न बघता ती उंबऱ्याबाहेर पडली.

दोन आठवड्यांनी सोनोग्राफीची तारीख आली. पायल सकाळीच आंघोळ करून तयार झाली.

"आत्याबाई, मले मशीनवर जायचं हाय."

"महाराजांनी काय सांगतलं? तीन हप्ते."

"पण डॉक्टरीणबाईनं..."

"तिले कापाचंच हाय, बाई. तू तुह्या डोयानं पाह्यलं ना लिंबं फिरताना?"

पायलनं पाहिलं होतं. चंद्रशेखरला फोन लावला तर तो म्हणाला, "आई म्हणते तसं कर, तिले जास्त समजते." दवाखान्यातून नर्सचा फोन आला. तानाबाईनं तो घेतला आणि सांगितलं, सून माहेरी गेली. मग नंबर ब्लॉक कसा करतात, ते शेजारच्या पोरीकडून शिकून घेतलं.

महाराजांनी दिलेल्या मुदतीला अजून चार दिवस होते. सकाळचे दहा वाजलेले. पायल अंगणात कपडे वाळत घालत होती आणि एकाएकी तिच्या पायांखाली पाणी सांडलं. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, काहीतरी खाली आलं."

तानाबाईनं तिची साडी वर करून बघितलं. तिनं तीन पोरं जन्माला घातली होती, गावातल्या दहा बायांची बाळंतपणं पाहिली होती. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. निळसर, पिळदार, दोरीसारखी नाळ बाहेर लोंबत होती. तिनं दोन बोटांत धरली. आत ठोका लागत होता. जिवंत होतं.

पुंजाजीनं एकशे आठला फोन केला. गाडी पस्तीस मिनिटांनी आली. तोवर पायलला घोंगडीवर पालथी करून, ढुंगण वर करून ठेवलं होतं, कारण फोनवरच्या बाईनं तसं सांगितलं होतं. तानाबाईचा हात नाळेवर होता. बोटाखालचा ठोका आधी भराभर चालला, मग अडखळायला लागला. गाडीत चढवेपर्यंत दोन ठोक्यांच्या मध्ये दहा अंक मोजता येत होते. शेगावच्या अलीकडं तो थांबला. तानाबाईनं कोणाला सांगितलं नाही. खामगाव येईपर्यंत तिनं नाळ धरून ठेवली.

जे ऑपरेशन टाळायचं होतं तेच झालं, फक्त घाईगर्दीत. पहिली मुलगी गेलेली होती. दुसरी पांढरीफटक निघाली. एकीचा जीव गेला, तेव्हा दुसरीचं रक्त वारेतून तिकडं ओढलं गेलं, असं डॉक्टर नीरजाबाईंनी सांगितलं. तिला रक्त द्यावं लागलं. बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. पेटीशेजारच्या बाकावर बसलेली एक अनोळखी बाई तानाबाईला म्हणाली, "जाऊ दे बुडे, पोट्टीच होती ना." मुलगीच तर गेली, अशी समजूत घालायच्या हेतूनंच तिनं म्हटलं होतं.

डॉक्टर नीरजाबाईंनी एकच विचारलं, "सोनोग्राफीला का आला नाहीत?"

तानाबाई म्हणाली, "गाडी भेटली नाही."

मेलेल्या मुलीला पुंजाजीनं एकट्यानं पुरलं. तिचं तोंड पाहिलेलं फक्त त्यानं. तो आल्यावर पायलनं विचारलं, "कशी होती?"

"हिच्यासारखीच," पुंजाजी म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

दीड महिन्यानं, एका दुपारी, गोकुळ मोटारसायकलवरून घरी आला. पायलचा भाऊ धम्मरत्न त्या दिवशी भाचीला बघायला आला होता. तो संग्रामपूरजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. गोकुळला तो कोण, हे माहीत नव्हतं.

"महाराजांनी आठवण केली," गोकुळ बाजेवर टेकत म्हणाला. "लेकराचा एक फोटो पाहिजे. फ्लेक्सवर लावाचा हाय. एवढं मोठं संकट आलं, अन् महाराजांच्या कृपेनं एक वाचलं. दुसऱ्याचं प्रारब्धच तसं होतं. तुमी मुदत पुरी व्हायच्या आधीच तिले कामाले लावलं असन, म्हणून बिघडलं."

आता तानाबाईच्या मनाचं काय झालं ते सांगायला हवं, कारण सगळी बुवाबाजी ज्या खुंटीवर टांगलेली असते, ती खुंटी हीच. तिला गोकुळचं म्हणणं पटलं. पटायलाच हवं होतं. महाराज खरे असतील, तर एक नात त्यांनी वाचवली. महाराज खोटे असतील, तर एक नात तिनं मारली. दोन्हींतलं पहिलं निवडायला कोणालाही वेळ लागत नाही.

"घ्या फोटो," ती म्हणाली.

कोपऱ्यात पायल लेकराला पाजत होती. महिनाभर ती सासूशी कामापुरतंही बोलली नव्हती. ती म्हणाली, "घेऊ नका. गुरुवारी आमीच येतो घेऊन."

गोकुळ खूश होऊन गेला. मोटारसायकलचा आवाज दूर गेल्यावर पायल भावाकडं वळली.

"दादा, त्या दिवशी म्या चौरंगावर हात ठेवला ना, तवा बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन उभी राह्यली. आपोआप. सरळ उभी. मले वाटलं, लय शक्ती हाय या माणसात. म्हणून म्या मशीनवर जायचा हट्ट सोडला. नाईतर म्या एकटी गेली असती."

धम्मरत्ननं बहिणीच्या बांगडीकडं पाहिलं. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "पिन कोणीकडं वळली होती?"

"त्याच्या मांडीकडं."

धम्मरत्न उठला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मोडक्या रेडिओतून त्यानं स्पीकर काढला. पायलच्या बांगडीतली पिन मागून घेतली. तानाबाईनं जेवायला काढून ठेवलेलं लिंबू घेतलं, त्यात एका टोकानं लहान खिळा घुसवला आणि पितळी ताटातल्या पाण्यात सोडलं. ताट त्यानं दोन पाटांच्या मध्ये ठेवलं आणि स्पीकरचं चुंबक खालून हळूच सरकवलं. लिंबू थरथरलं आणि फिरलं.

"पितळाले चुंबक लागत नाही, मावशी," तो तानाबाईला म्हणाला. "म्हणून परात पितळाची. लोखंडाची असती तर परातच हलली असती."

तानाबाई ताटाकडं बघत राहिली. "पण लोकाईची बाळं फिरतात. फोटो हायेत ना."

"फिरतात. सातव्या-आठव्या महिन्यात पायाळू असलेली बहुतेक बाळं नववा लागेपर्यंत आपल्या आपण फिरतात. लिंबू असो नसो. ज्यांची फिरली त्या साडी घेऊन फोटो द्यायले आल्या. ज्यांची नाही फिरली त्या कोठी आहेत? त्या कशाले येतीन तिकडं? त्यांचा फोटो कोण लावन? अन् मशीनखाली जायचं नाही म्हणून सांगते, ते काऊन? मशीननं खरं दिसलं असतं."

तानाबाईनं ताटातलं लिंबू उचललं. तिनं आयुष्यभर संत्र्याच्या-लिंबाच्या बागांत माल निवडला होता. शेडमधलं लिंबू हातात घेतलं असतं तर तिला लगेच कळलं असतं, की ते एका टोकाला जड आहे. तिला कोणी हातच लावू दिला नव्हता. आणि तिनं मागितलंही नव्हतं.

"मी पोलिसाईले सांगतो," धम्मरत्न म्हणाला. "पण पकडायचं तर सगळ्यांसमोर पकडलं पाहिजे. बायांच्या रांगेत मले पुढं जाऊ देणार नाहीत."

"मले देतीन," तानाबाई म्हणाली.

गुरुवारी शेड भरलेलं होतं. गोकुळनं माईकवरून जाहीर केलं, की जुळ्यातलं एक लेकरू महाराजांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याची आजी स्वतः अनुभव सांगायला आली आहे. बायांनी वाट करून दिली. पायल लेकराला घेऊन मागं दाराशी उभी राहिली, शेजारी धम्मरत्न आणि साध्या कपड्यातले दोन पोलीस.

परातीत तेव्हा एकच लिंबू होतं. समोर प्रेरणा नावाची आठ महिन्यांची पोटुशी बसली होती, बाजूला तिची आई सोजराबाई. महाराजांनी नुकतेच डोळे मिटले होते.

तानाबाईनं पदराच्या गाठीतून स्वतःचं लिंबू काढलं आणि परातीत सोडलं.

"महाराज, हे बी फिरवा."

महाराजांनी डोळे उघडले. "माई, हे अभिमंत्रित नाही."

"मंग मंतर म्हणा. आमी थांबतो."

महाराज पुटपुटले. प्रेरणाचं लिंबू फिरलं. तानाबाईचं आपल्या जागी तरंगत राहिलं. दोन लिंबं शेजारी शेजारी, एक आज्ञाधारक, एक ढिम्म. पुढच्या रांगेतल्या बाया पुढं झुकल्या. गोकुळ परात उचलायला धावला, पण तानाबाईनं आधी फिरलेलं लिंबू उचललं, दाढेखाली धरून फोडलं आणि तोंडातून खिळा काढून प्रेरणाच्या हातावर ठेवला. मग वाकून तिनं चौरंगावरचं भगवं कापड ओढलं. परात उलटली, हळदीचं पाणी महाराजांच्या मांडीवर सांडलं. गुडघेदुखीला बांधतात तसला पट्टा महाराजांच्या उजव्या गुडघ्याला होता, आणि त्या पट्ट्यात लाउडस्पीकरचं काळं गोल चुंबक खोचलेलं होतं. उदरनाथ व्हायच्या आधी या गृहस्थांचा लग्नात भोंगे लावायचा धंदा होता, हे पुढं पोलिसांनी शोधून काढलं.

 पोलीस पुढं येत होते. महाराजांनी ते पाहिलं आणि त्यांचा सूर बदलला. गोड आवाज गेला, चिडका आला.

"मी लिंबं फिरवली, बाई. तुझ्या सुनेच्या पोटाला मी हात लावला का? इथं तिला मी बोलावलं होतं का? आणलं कोणी?"

सगळ्या बाया तानाबाईकडं बघायला लागल्या. खोटं बोलायला जागा होती. डॉक्टरला गाडी भेटली नाही म्हणून सांगितलं होतं, तसं काहीही सांगता आलं असतं.

"म्या आणलं," तानाबाई म्हणाली. "म्याच फोन घेऊन सून माहेरी गेली म्हणून सांगतलं. याच्याजवळ चुंबक होतं. माह्याजवळ तं डोकं होतं ना. म्या वापरलं नाई."

महाराज आणि गोकुळ यांना जीपमध्ये बसवलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. काही बाया मुकाट्यानं निघून गेल्या. एक जण जाता जाता म्हणाली, "चांगलं चाललं होतं, या बुडीनं बंद पाडलं." तिच्या बाळाचा फोटो फ्लेक्सवर होता.

सोजराबाई मात्र हलली नाही. लेकीच्या तळहातावरचा खिळा तिनं उचलून पाहिला आणि तानाबाईला विचारलं, "मंग आता आमी काय करावं, माय? हिचं बी पायाळू हाय. कापतीनच ना ते?"

तानाबाई तिच्याजवळ खाली बसली. तिचे दात आंबले होते, बोलताना जीभ अडखळत होती.

"कापतीन, नाईतर नाई कापणार. फिरलं असन तं नाई. ते मशीनमधी दिसते, लिंबात दिसत नाई. टाक्याची भीती वाटते ना? मले बी वाटत होती. आता माह्या सुनेले टाके बी पडले, लेकरू बी गेलं. डॉक्टरले विचार, काऊन कापता, नाई कापलं तं काय होईन. दहा वेळा विचार. दुसऱ्या डॉक्टरले विचार. पण जो पोटात पाहून सांगते, त्यालेच विचार. जो न पाहताच सांगते, अन् वरून तुले बी पाहू नको म्हणते, त्याच्याजवळून उठून जाय."

"आज जाऊ?" प्रेरणानं विचारलं.

"आत्ता जाय. धम्मरत्न गाडी आणते."

पायल दाराशी उभी होती. तानाबाई जवळ आली आणि लेकराला घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले. पायलनं लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुमी त्याईच्यासोबत जा," ती म्हणाली. "प्रेरणाले मशीनवर झोपवेपर्यंत तठून हालू नका."

तानाबाईनं हात खाली घेतले आणि ती सोजराबाईच्या मागं गाडीकडं चालू लागली.